उजेडाच्या वाऱ्यावर सोन्याचं भिरभिरं

आम्ही पवईहून बोलतोय. मुंबईत राहणाऱ्या तुमच्या कुणा नातेवाइकाला विचारलंत तर तो सांगेल, पवई म्हणजे तलाव आणि आयआयटी. त्यांच्या आजूबाजूला आमच्यासारख्यांच्या वस्त्याही आहेत, पण त्यांचं नाव कुणी घेत नाही, ते जाऊ द्या. आमचा गट पंधरा जणींचा. पोळीभाजीचे डबे करतो, दिवाळीत फराळ, उन्हाळ्यात पापड-कुरडया. निम्मे डबे आयआयटीत शिकणाऱ्या मुलामुलींना जातात.

ती संस्था १९५८ पासून आहे. आमच्यातल्या एकदोघींच्या सासवांनी तिच्या बांधकामावर घमेली उचलली. पण आत काय शिकतात, काय शोधतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली ती एका बाटलीमुळे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बैठकीला एक गृहस्थ आले. ओळखीतूनच आले होते, बोलणं गोड होतं. त्यांनी चटईवर एक छोटी बाटली ठेवली. आत गुलाबीसर पाणी. म्हणाले, हे नॅनो सोनं. मग मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. रक्ताच्या लाल नदीतून सोन्याची इवलीइवली चाकं गरागरा फिरत चालली आहेत, वाटेत एक काळी गाठ येते, चाकं तिला कुरतडतात, गाठ नाहीशी होते. रोज सकाळी दहा थेंब घ्यायचे, अर्धा तास उन्हात बसायचं, उन्हानं चाकं फिरायला लागतात. एक बाटली १,८०० रुपयांची. गटानं वीस घ्यायच्या, २,४०० ला विकायच्या. आम्ही लगेच मनात हिशेब केला, बारा हजार सुटतात. गटाच्या खात्यात तेव्हा ४१,००० होते आणि मागत होते ३६,०००. खोटं कशाला सांगा, निम्म्या जणींचे डोळे चमकले होते.

तेवढ्यात आमच्यातल्या एक मावशी बोलल्या. त्या एरवी बैठकीत सही करण्यापुरतंच तोंड उघडतात. म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ गावाला हेच घेतीय. दोन महिने झाले. छातीत गाठ आहे तिच्या. सकाळी थेंब घेती आणि अंगणात बसती. आता पावसात ऊन नाही, तर दिव्याखाली बसती."

कुणी काही बोललं नाही. गृहस्थांना आम्ही सांगितलं, पुढच्या बैठकीत ठरवू.

आमच्याकडून डबा घेणारी एक मुलगी आयआयटीत पीएचडी करते. संध्याकाळी डबा न्यायला आली तेव्हा तिला विचारलं. व्हिडिओचं ऐकून ती आधी हसली. मग जावेचं सांगितलं तेव्हा तिचं हसू गेलं. म्हणाली, "मावशी, तो माणूस खोटं बोलला. पण सोन्याचं चाक खोटं नाही. उजेडावर फिरणारं सोन्याचं चाक माणसांनी खरंच बनवलंय. म्हणून तर त्याला खोटं बोलायला सोपं गेलं."

त्यानंतर दोन रविवार ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. आम्ही पोळ्या लाटत होतो, ती सांगत होती. समजलं नाही तिथे आम्ही तिला थांबवलं, पुन्हा सांगायला लावलं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

पहिली गोष्ट, उजेड ढकलतो. हे आम्हाला पटेना. उजेड तापवतो हे ठाऊक आहे, वाळवण घालतो आपण. पण ढकलतो? ती म्हणाली, ढकलतो, पण इतका हळू की कळत नाही. भर दुपारी एक एकर रानावर जेवढं ऊन पडतं, त्या सगळ्या उन्हाचा मिळून दाब जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास भरतो. एका लहानशा नथीएवढा. एकरभर उन्हाचा! मग त्यानं आपला पदरही हलणार नाही, हे उघड आहे.

पण तुम्ही धान्य उफणता तेव्हा काय होतं, आठवा. वारा दाण्यालाही तोच आणि भुशालाही तोच. दाणा पायाशी पडतो, भूस लांब जातं. वस्तू जितकी बारीक आणि हलकी, तितकी तिच्यावर वाऱ्याची सत्ता जास्त. उजेडाचं तसंच. शेपटीवाला तारा, म्हणजे धूमकेतू, त्याची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला वळलेली असते. केप्लर नावाच्या जर्मन ज्योतिष्यानं चारशे वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की सूर्याचा उजेडच तिला ढकलत असणार. शेपटीतल्या बारीक धुळीपुरतं ते खरं निघालं.

आता बारीक म्हणजे किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. आणि ही जी चाकं, त्यातलं एक फक्त १०० नॅनोमीटरचं. म्हणजे केसाच्या जाडीवर तसली आठशे चाकं एका ओळीत मांडता येतील. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी असतात ना, त्यांच्याही हाताला हे सोनं लागायचं नाही.

एवढ्या बारीक वस्तूवर उजेड दाब देऊ शकतो. पण साधा दिवा चालत नाही, ऊनही चालत नाही. ऊन सगळे रंग मिसळून येतं आणि पसरून पडतं. लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एका रेषेत जाणारा उजेड. शाळेत मास्तर फळ्यावर लाल ठिपका दाखवतात, तो लेझरच. भिंगानं ऊन गोळा करून आपण लहानपणी कागद जाळायचो, तसा हा लेझर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका ठिपक्यावर गोळा करतात. ठिपका केसाच्या जाडीच्याही कितीतरी आत. तिथे फळ्यावरच्या ठिपक्याएवढ्याच ताकदीचा उजेड आला तरी तो दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे दहा लाख पट दाट होतो.

आता ढकलणं झालं. फिरवणं कसं? इथे एक मैत्रीण मधेच म्हणाली, "भिरभिऱ्यासारखं का?" आणि ती मुलगी लाटणं हातात घेऊन उभीच राहिली. अगदी तेच, म्हणाली. जत्रेतल्या भिरभिऱ्यावर वारा सरळच येतो. पाकळ्यांना बाक असतो म्हणून ते फिरतं. बाक उलटा दिला तर उलटं फिरतं. तसं सोन्याला बाक दिला की सरळ आलेला उजेडही त्याला फिरवतो. दुसरी रीत म्हणजे उजेडालाच पीळ द्यायचा. तसे पीळ दिलेले किरण असतात, आणि ते ज्या वस्तूवर पडतात तिला फिरवू बघतात. १९३६ मध्ये बेथ नावाच्या शास्त्रज्ञानं स्फटिकाची एक चकती बारीक दोऱ्याला टांगून तिच्यावर असा उजेड सोडला आणि चकतीला पडलेला पीळ मोजून दाखवला.

मग आमचा प्रश्न, सोनंच का? लोखंड का नाही, माती का नाही? ह्याचं उत्तर आम्हाला सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तुम्ही डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चालता. चालताना पाणी आत हिंदकळतं. कधीकधी आपली पावलं आणि पाण्याचं हिंदकळणं एका ठेक्यात येतं, मग पाणी इतकं उसळतं की मान भिजते. मग आपण पाऊल जरा बदलतो आणि पाणी शांत होतं. ठेका जुळला की थोड्या धक्क्यानं मोठी उसळी येते. तांब्यातलं पाणी भराभर हिंदकळतं, मोठ्या घंगाळातलं सावकाश. भांडं जसं, तसा ठेका.

सोन्याच्या कणात असंच काहीतरी भरलेलं असतं. पाणी नाही, विजेचे अतिसूक्ष्म कण, इलेक्ट्रॉन. धातूमध्ये ते मोकळे असतात, म्हणून तर तारेतून वीज वाहते. सोन्याचा कण एवढा बारीक झाला की हे मोकळे इलेक्ट्रॉन कळशीतल्या पाण्यासारखे सगळे मिळून हिंदकळायला लागतात. आणि त्यांना हिंदकळवतो उजेड. उजेडही लाटच आहे, प्रत्येक रंगाचा ठेका वेगळा. ज्या रंगाचा ठेका त्या कणाशी जुळतो, तो रंग कण पकडतो. बाकीचे रंग जाऊ देतो.

म्हणून तर बारीक कणांचं सोनं पिवळं दिसत नाही. बारीक गोल कणांचं सोनं पाण्यात मिसळलं तर पाणी लाल दिसतं, कोकमाच्या सरबतासारखं. हिरवा उजेड कणांनी गिळलेला असतो, लाल पार होतो. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे ह्या शास्त्रज्ञानं १८५७ साली हे लाल सोनं करून दाखवलं. त्याच्या हातच्या बाटल्या तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्यात, आणि त्या अजून लाल आहेत. आज हे सोनं करायची साधी रीत म्हणजे सोन्याचा क्षार पाण्यात उकळायचा आणि त्यात लिंबात असतं त्या आम्लाचा क्षार टाकायचा. फिकट पिवळं पाणी बघताबघता लाल होतं.

कण गोल न करता लांबट काडीसारखा केला तर? गुरांना पाणी पाजायची डोण असते, तिच्यात पाणी लांबीकडून सावकाश हिंदकळतं आणि रुंदीकडून भराभर. सोन्याच्या काडीचेही तसे दोन ठेके. काडी लांब करत नेली की तिचा ठेका लाल रंगाकडे सरकतो, आणि पुढे आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाकडे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर सोनं उजेडाला असा घट्ट धरतं. एरवी उजेड अंगावरून निघून जातो, इथे त्याला मूठ सापडते. जात्याला खुंटा असतो तशी. शिवाय सोनं गंजत नाही, पाण्यात वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आणि आता ते चाक. २०१० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या झियांग झांग ह्यांच्या प्रयोगशाळेत ते बनलं. आकार कोणता असेल? त्या मुलीनं आमच्या ओट्यावर पिठानं काढून दाखवला. स्वस्तिक! चार हात, चौघांची टोकं एकाच बाजूला वळलेली. तिकडच्या लोकांनी ते आपल्या देव्हाऱ्यातून उचललं नाही, त्यांना बाक असलेलं साधं चाक हवं होतं, आणि चार रेषांत बाक द्यायचा तर हाच आकार येतो. १०० नॅनोमीटरचं ते सोन्याचं स्वस्तिक त्यांनी काचेच्या जातीच्या एका बारीक चकतीत बसवलं. चकतीचं आकारमान स्वस्तिकाच्या ४,००० पट. वरून लेझरचा उजेड सोडला आणि त्या एवढ्याशा सोन्यानं एवढी मोठी चकती फिरवली. त्याहून गंमत म्हणजे उजेडाचा रंग बदलला की चकती उलटी फिरायला लागली. चाक तेच, त्याला हात न लावता.

स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात मिकाएल केल ह्यांच्या गटानं पिळाच्या उजेडानं सोन्याच्या काड्या फिरवल्या. त्यांनी २०१५ मध्ये मिनिटाला २५ लाख फेऱ्यांपर्यंत वेग गाठला. आपला मिक्सर जोरात फिरवला तर अठरा-वीस हजार फेऱ्या घेतो.

वाटतं, एवढा वेग म्हणजे केवढी ताकद! तसं नाही. एवढ्या बारीक वस्तूला पाणी पाण्यासारखं लागत नाही, काकवीसारखं लागतं. काकवीत रवी घुसळून पाहा, हात थांबला की रवी थांबली, एक फेरी जास्तीची मिळत नाही. तसंच हे चाक, उजेड गेला त्या क्षणी थांबतं. शिवाय पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी धक्के देत असतात, कुंभमेळ्याच्या गर्दीत सापडल्यासारखं. आणि उजेड गिळून ते तापतंही. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्याकडून सध्या मोजायचं काम करून घेतात. चाक किती वेगानं फिरतंय त्यावरून आजूबाजूचं पाणी किती दाट, किती गरम, चाकाच्या अंगाला काय चिकटलं, हे कळतं. कुरतडायला ते जात नाही, आणि जाऊन काही कुरतडण्याएवढी ताकदही त्याच्यात नाही.

आपल्या मुंबईत असं काही फिरवलंय का कुणी, असं आम्ही विचारलं. तर फिरवलंय, आणि सोन्याविना! कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे दीपक माथुर, शोभना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली माणसाच्या रक्तातली लाल पेशी लेझरच्या उजेडात धरली. लाल पेशी आपल्या अनारशासारखी असते, चपटी, मधे दबलेली. उजेडाच्या पकडीत ती दुमडून काडीसारखी होते. निरोगी पेशी तशीच उभी राहिली. पण मलेरियाचा परजीवी शिरलेली पेशी त्याच उजेडात फिरायला लागली. उजेडाला पीळ दिलेला नव्हता, साधाच होता. म्हणजे बाक पेशीतच होता. परजीवीनं तिची ठेवण बिघडवली की तीच भिरभिरं होते.

आमच्या वस्तीत पावसाळ्यात दर दोन घरांमागे एक तापानं फणफणलेलं असतं, त्यामुळे हे ऐकून आम्ही लाटणं खाली ठेवलं. मग आता मलेरिया असाच तपासतात का? नाही. तो अजूनही बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर किंवा पट्टीवरच तपासतात. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट घडली म्हणजे ती दवाखान्यात आली असं नसतं, मधे वर्षानुवर्षं जातात आणि कित्येक गोष्टी कधीच येत नाहीत. हे त्या मुलीनं तीनतीनदा सांगितलं. तिची स्वतःची चार वर्षं एकाच प्रयोगात गेली आहेत.

उजेडानं वस्तू धरायची ही युक्ती आर्थर ॲश्किन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९८६ ची. तिला उजेडाचा चिमटा म्हणतात. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय ९६ होतं. हाच चिमटा घेऊन रूप मलिक ह्यांनी आधी कुलाब्याला काम केलं, मग ते पवईच्या आयआयटीत आले. ते मोजतात आपल्या पेशींमधले हमाल. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनांचे हमाल असतात, पाठीवर ओझं घेऊन दोरीवर चालल्यासारखे चालतात. हे उजेडावर चालत नाहीत, आपण खातो त्या अन्नावर चालतात. उजेड इथे फक्त तराजू. त्यातला डायनीन नावाचा हमाल एकटा अगदी अशक्त. पण तो गटानं काम करतो. ओझं वाढलं की पुढचा हमाल लहान पावलं टाकतो, मागचे त्याला गाठतात, आणि सगळ्यांच्या खांद्यावर सारखं ओझं येतं. हे ऐकल्यावर आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, "म्हणजे बचत गटच की!" त्या दिवशी त्या एकाच वाक्यावर आम्ही बराच वेळ हसत होतो.

आता गाठीकडे येऊ.

सोन्याचा कण उजेड गिळून तापतो म्हटलं ना, चाकवाल्यांना ते अडचणीचं होतं. पण कर्करोगावर काम करणाऱ्यांना तेच हवं आहे. मोबाइलच्या टॉर्चवर बोट दाबून धरा, बोट लाल दिसतं. म्हणजे लाल उजेड मांसातून थोडा पार होतो. न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड आणखी आत जातो. सोन्याचा ठेका त्या उजेडाशी जुळवला, कण गाठीत पोचवले आणि बाहेरून लेझर सोडला, तर गाठ आतून तापून मरेल. ह्यावर पवईच्याच आयआयटीत रोहित श्रीवास्तव ह्यांच्या गटानं काम केलंय. चरबीच्या सूक्ष्म थेंबावर सोन्याचा पातळ मुलामा चढवून त्यांनी कण केले, आणि खारघरच्या टाटा केंद्राच्या, म्हणजे ॲक्ट्रेकच्या, संशोधकांबरोबर ते उंदरांवर तपासले. लेझरनं उंदरांच्या गाठी जळाल्या, आणि नंतर ते कण फुटून इतके बारीक झाले की मूत्रपिंड आणि यकृतातून बाहेर पडू शकतील. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांवर अशी तपासणी अमेरिकेत झाली, वेगळ्या तऱ्हेचे सोन्याचे कण घेऊन, पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी. २०१९ साली छापून आलेल्या त्या अहवालात सोळा रुग्ण आहेत. सोळा.

त्यांना कण शिरेतून दिले होते, पाण्यातून प्यायला नव्हे. लेझरची तार थेट गाठीत घातली होती, डॉक्टर समोरच्या पडद्यावर बघत होते. अंगणातल्या उन्हानं हे होत नाही. दारातल्या दिव्यानं तर नाहीच. आणि तिथेही गाठ मारते ती उष्णता. फिरणारं चाक तिथे कुठेच नाही.

सुवर्णभस्माचं काय, असं तुमच्यातली कुणी विचारेल. वैद्य देतात ते वैद्यांना विचारा, आम्ही त्यात पडत नाही. पण ते उन्हात फिरतं असं कुठल्या वैद्यानं आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

त्या मुलीनं बाटली बघायला मागितली. मावशींनी गावाहून अर्धी भरलेली बाटली मागवून घेतली होती. मुलीनं वाटीत थोडं पाणी काढलं आणि चिमूटभर मीठ टाकलं. म्हणाली, नुसत्या सोन्याच्या कणांचं लाल पाणी असेल तर मिठानं कण एकमेकांना चिकटतात, ठेका बदलतो आणि पाणी निळं-जांभळं होतं. आम्ही सगळ्या वाटीवर वाकलो. पाणी गुलाबीचं गुलाबीच राहिलं. आमच्यातली एक ओरडली, "बघा, रंगाचं पाणी!" तर मुलगी म्हणाली, "नाही मावशी, असं नाही म्हणता येत. कणांवर लेप दिला असेल तरी रंग बदलत नाही. ह्यात काय आहे ते तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. काय होणार नाही एवढंच सांगू शकते." आम्हाला ते जरा हिरमुसलं करणारं वाटलं. पण त्या गृहस्थांनी आमच्या एकाही प्रश्नाला "सांगता येणार नाही" असं उत्तर दिलं नव्हतं, हे घरी जाताना ध्यानात आलं.

बाटल्या आम्ही घेतल्या नाहीत. मावशी दुसऱ्या दिवशी गावाला गेल्या. जाऊ यायला तयार नव्हती, सुई टोचली की गाठ पसरते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मावशी तिच्याशी भांडल्या, दोन दिवस तिथेच राहिल्या आणि तिला घेऊनच आल्या. तपासणी झाली. कर्करोगच निघाला, आणि काखेपर्यंत गेलेला. थेंबांच्या आधी आणि थेंबांसकट मिळून पाच महिने गेले होते. आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू आहेत, चार केमो झाल्यात, केस गेलेत. ती सध्या मावशींकडेच राहते आणि बरं वाटेल त्या दिवशी आमच्याबरोबर शेंगा सोलायला बसते. एकदा तिनं विचारलं, ते चाक म्हणजे सगळंच खोटं का? तिला आम्ही पिठात स्वस्तिक काढून दाखवलं.

कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं आपल्या देशात गुन्हा आहे. त्यासाठी १९५४ सालापासून जादूटोण्याच्या औषधांविरुद्धचा कायदा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात करता येते, आणि फसवून पैसे घेतले असतील तर ग्राहकांसाठी १९१५ हा फोन आहे. आम्ही तक्रार दिली आहे. तिथे पहिला प्रश्न विचारला, पावती आहे का? पावती नव्हती. मोबाइलवर जाहिरातीचा व्हिडिओ आला होता, तो कुणीतरी पुसून टाकला होता. बाटलीवर परवाना क्रमांक नाही, तुकडीचा क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. त्या गृहस्थांचा फोन लागत नाही.

तर तुमच्या गटात अशी बाटली आली असेल तर ती फेकू नका. लेबलचा चारी बाजूंनी फोटो काढा, व्हिडिओ पुसू नका, पैसे दिले असतील तर पावती मागा, देत नसतील तर कुणासमोर, कोणत्या तारखेला दिले ते बैठकीच्या वहीत लिहून सह्या घ्या. आमच्याकडची बाटली हिशेबाच्या कपाटात आहे, उरलेल्या पाण्यासकट. सील करून, वर तारीख घालून ठेवली आहे.